ग्रॅमोपाध्ये

मे महिन्यात पहाटे तीनच्या सुमाराला पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एखादा पन्नाशीचा गृहस्थ अंगात पिसांचं जाकीट, त्यावर पावसाळी जाकीट, पायात घोटा झाकणारे जाडजूड बूट आणि कमरेला बांधलेला स्वेटर अशा थाटात घामाघूम उभा दिसला, तर त्याला हुडहुडी भरली असेल अशी शंका घेऊ नका. त्याची सॅक 15 किलोच्या आत बसली आहे, एवढाच त्याचा अर्थ. जे सॅकमध्ये मावलं पण काट्यात मावलं नाही, ते त्याने अंगावर चढवलं आहे. विमान कंपन्या सामानाचं वजन करतात, सामान नेणाऱ्याचं करत नाहीत, ही फट त्याने फार पूर्वीच हेरून ठेवली आहे. केदारनाथच्या हेलिकॉप्टरवाल्यांनी प्रवाशालाच काट्यावर उभं करून ती बुजवली, म्हणून केदारनाथला तो पायी जातो आणि वर त्याला श्रद्धा म्हणतो.

हा आमचा ग्रॅमोपाध्ये. आमचा म्हणजे कुणाचाही; प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात एक असतोच. घरचं आडनाव जोशी असो, शिंदे असो की फर्नांडिस, हे उपाध्येपण त्याला काट्याने बहाल केलेलं असतं. काटा म्हणजे हूकवाला, मुठीत मावणारा, डिजिटल. सॅकचा वरचा बंद हुकात अडकवायचा, दोन्ही हातांनी उचलायचं, श्वास रोखायचा, आकडा थरथरून स्थिर झाला आणि ‘पीं’ वाजलं की वाचायचा. हा विधी निघायच्या आदल्या रात्री दिवाणखान्यात चालतो. घरातली मंडळी तोवर झोपण्याचा प्रयत्न करत असतात.

“पंधरा तीनशे,” अंधारात घोषणा होते.

“अहो, तीनशे ग्रॅमनं काय विमान खाली येणारे?” वहिनी आतूनच विचारतात.

“प्रश्न विमानाचा नाही. नियमाचा आहे.”

“मग ती टूथपेस्ट काढा बाहेर.”

“टूथपेस्ट निम्मी पिळून टाकलीये आधीच. आणि ब्रशचा दांडा कापलाय.”

“कुणाच्या ब्रशचा?” या प्रश्नानंतर दिवाणखान्यातला दिवा लागतो, आणि पुढचं संभाषण ट्रेकविषयी राहत नाही.

याच माणसाने पंचविशीत राजगडावर पद्मावतीच्या देवळात एका सोलापुरी चादरीवर रात्री काढल्या आहेत, हे आज सांगून खरं वाटणार नाही. तेव्हा पायात हंटर शूज असत आणि सॅकचं वजन ‘उचलते’ किंवा ‘उचलत नाही’ या दोनच एककांत मोजलं जाई. एसटीच्या लाल डब्यात ती सॅक मांडीवर बसे, आणि गर्दी वाढली की शेजाऱ्याच्याही मांडीवर. हिमालयात जायचं तर झेलम एक्स्प्रेस. बर्थखाली स्टोव्ह, रॉकेलचा कॅन, कांदे-बटाट्याची पिशवी आणि खिचडीचं पातेलं. रॉकेल रेल्वेलाही चालत नव्हतंच, पण रेल्वेने कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही. मग विमानाची तिकिटं स्वस्त झाली, रजा महाग झाली, जम्मूपर्यंतची दोन रात्रींची रेल्वे दोन-अडीच तासांवर आली आणि या भल्या माणसाच्या आयुष्यात प्रथमच किलोग्रॅम शिरला.

किलोग्रॅमच्या मागोमाग ग्रॅम आला. आता याच्याकडे एक तक्ता आहे. मोजे 62 ग्रॅम, टोपी 48, चमचा 17. चमचा टायटॅनियमचा. कपड्यांच्या आतली धुण्याच्या सूचनांची लेबलं त्याने कात्रीने कापून टाकली आहेत, त्यामुळे ती जाकिटं मशिनमध्ये धुवायची की नाही हे आता जगात कुणालाच माहीत नाही. जुनी स्लीपिंग बॅग दोनशे ग्रॅमने जड होती म्हणून त्याने भरभक्कम पैसे मोजून नवी घेतली. स्वतःच्या पोटावरचे सहा किलो फुकटात उतरवता आले असते, पण ते चेक-इनमध्ये धरत नाहीत, मग त्यात पुरुषार्थ काय?

खरा पुरुषार्थ विमानतळावर दिसतो. सॅकचे पट्टे, बकलं, लोंबणाऱ्या दोऱ्या सामानाच्या पट्ट्यात अडकतात आणि तुटतात, हे अनुभवी ट्रेकर जाणतो. कुणी वर पावसाळी कव्हर चढवतं, कुणी विमानतळावर प्लॅस्टिकची गुंडाळी करून घेतं. ग्रॅमोपाध्येला या दोन्हींत परावलंबन दिसतं. त्याने एकदा गावाकडून खताचं रिकामं पोतं आणलं, सॅक त्यात घातली आणि दाभण-सुतळीने तोंड शिवून टाकलं. काम चोख. काउंटरवरच्या मुलीने पोतं पट्ट्यावर आडवं केलं तेव्हा वर आलेली बाजू मात्र त्याने विचारात घेतली नव्हती. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘युरिया’ आणि खाली ‘निव्वळ वजन 45 किलो’ असं होतं. मुलीने आधी वजन वाचलं, मग काट्याकडे पाहिलं. काटा 14.9 दाखवत होता. मग तिने वरचा शब्द वाचला.

“काका, हे उघडावं लागेल.”

युरियाच्या संशयापेक्षा ‘काका’ त्याला जास्त लागलं असावं. सुतळी कापली, सॅक उघडली, आणि आतून जे निघालं ते युरियाहून भारी होतं. एका डब्यात खोबऱ्याच्या वाट्या आणि गूळ. डब्याला रबरबँडने बांधलेली कापराची पुडी.

हे वहिनींचं काम. सह्याद्रीत जाणाऱ्या कुठल्याही पिढीला गूळ-खोबरं कुणी शिकवावं लागत नाही. दमछाक झाली की तोंडात टाकायचं, पुढचा चढ आपोआप निघतो. कापूर उंचीसाठी. तिकडे श्वास लागला की हुंगायचा म्हणतात. त्याने ऑक्सिजन वाढतो असं काही नाही, पण माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. वहिनींनी दोन्ही गोष्टी नवऱ्याच्या काळजीपोटी रात्री तिसऱ्या वजनानंतर आणि चौथ्याच्या आधी गुपचूप आत सरकवल्या होत्या. चौथ्या वेळी वाढलेले ग्रॅम कुठून आले याचा शोध तो पहाटेपर्यंत घेत होता.

“काका, सुकं खोबरं नाही चालत,” मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. “चेक-इनमध्ये नाही, हातातही नाही.”

इथे दुसरा कुणीही प्रवासी भांडला असता. खोबरं काय बॉम्ब आहे का, आमच्या आजीने आयुष्यभर खाल्लं, मॅनेजरला बोलवा, वगैरे. ग्रॅमोपाध्येच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आल्याचं समाधान पसरलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “यूएन 1363. वर्ग 4.2. आपोआप पेट घेणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल असतं, ओलावा राहिला तर ते आतल्या आत तापत जातं. आणि हा कापूर. यूएन 2717, वर्ग 4.1, ज्वालाग्राही स्थायू. हाही जमा करून घ्या. माझ्या मिसेसनी ठेवलाय.”

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. कोर्टात उलटतपासणी व्हायच्या आधीच बायकोविरुद्ध साक्ष देणारा नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला असणार. मागे रांगेत उभे असलेले आम्ही मनातल्या मनात हिशेब करत होतो. खोबरं गेलं, कापूर गेला, काडेपेटी आपल्याकडे हातातही चालत नाही आणि सामानातही नाही. देव्हारा विमानात न्यायचा म्हटला तर समई, तीही तेल न घालता, तेवढी कशीबशी पोचेल. नाही म्हणायला देवाधर्माला एक सवलत मिळाली आहे. 2022 साली शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायला सरकारने ठरावीक मुदतीपुरती मुभा दिली, आणि पुढे पुन्हाही दिली. ग्रॅमोपाध्येला हे अर्थात माहीत आहे. हर की दूनच्या यात्रेकरूंनाही गूळ-खोबऱ्यापुरती अशीच मुभा मिळावी, अशा मसुद्याचं एक पत्र त्याच्या संगणकात तयार आहे. देव त्या दरीच्या नावातच आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा.

खोबरं गेलं तरी खोबऱ्याचा प्रश्न संपला नव्हता. हातातल्या पिशवीत डिंकाचे लाडू होते. खोबरं किसून, भाजून, डिंक-खारकेत मिसळून लाडवात गेलं की त्याचं खोबरंपण उरतं का, यावर ग्रॅमोपाध्येने आम्हाला सुरक्षा तपासणीच्या रांगेत सविस्तर ऐकवलं. त्याचं मत असं की मूळ पदार्थाचा स्वभाव पाकात लोपतो. एक्स-रे यंत्राचं मत वेगळं पडलं. पडद्यावर एकाच मापाचे सोळा घट्ट गोळे दोन ओळींत मांडलेले दिसले आणि पट्टा थांबला.

“बैग किसका है?”

“हमारा है.” ग्रॅमोपाध्येचं हिंदी हिमालयात जाण्यापुरतंच आहे.

“ये गोले क्या हैं?”

“लाडू. मतलब लड्डू. डिंक का.”

“किसका?”

“डिंक. वो झाड को आता है ना, चिकट…”

जवान हरियाणाकडचा असावा. त्याने डबा उघडला, वास घेतला, आणि ड्युटीवरच्या त्या दगडी चेहऱ्यावर काहीतरी हललं. “गोंद के हैं,” तो म्हणाला. “हमारी माँ भी बनाती है. सर्दियों में.” ग्रॅमोपाध्येने लगेच डबा पुढे केला. जवानाने मान हलवली, “ड्यूटी पर हूँ,” आणि झाकण स्वतःच्या हाताने नीट बसवून दिलं. या सगळ्यात ग्रॅमोपाध्येच्या केबिन बॅगेत तळाशी राहून गेलेला स्विस चाकू दुसऱ्या फेरीत सापडला आणि गेला. तो सामानात चालला असता, हातात चालत नाही. पण त्याने दुःख केलं नाही. “74 ग्रॅम,” तो म्हणाला. “कमी झाले.”

पॉवर बँक हा त्याचा खास अभ्यासविषय आहे. ती सामानात टाकायची नाही, हातातच ठेवायची, एवढं आता सगळ्यांना माहीत झालंय. का, ते हा सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर पोटातल्या सामानखान्यात ती विझवायला कुणी नसतं. केबिनमध्ये निदान दिसते, धावपळ करता येते. 2025 च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभं असलेलं एक विमान डोक्यावरच्या कप्प्यातून लागलेल्या आगीत जळालं. माणसं सगळी वाचली. तपासात बोट पॉवर बँकेकडे गेलं, आणि कोरियाने 1 मार्चपासून ती वरच्या कप्प्यात ठेवायलाही बंदी केली. मर्यादा 100 वॅट-तासांची. आता पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात मिलीअँपिअर-तास, आणि नियम बोलतो वॅट-तासांत. या दरीत ग्रॅमोपाध्येने आपला तंबू ठोकला आहे.

“वीस हजार गुणिले तीन पूर्णांक सात, भागिले एक हजार. चौऱ्याहत्तर. बसतंय,” तो रांगेतल्या कुठल्याही अनोळखी माणसाला सांगतो. “सत्तावीस हजारांपर्यंत चिंता नाही. त्याच्यावर एकशे साठपर्यंत कंपनीची परवानगी. त्याच्यावर विसरा.” लोक घाबरून आपली पॉवर बँक काढून त्याला दाखवतात. तो चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचतो आणि निर्णय देतो. एकदा एका आजोबांनी त्याला आपली श्रवणयंत्राची डबी दाखवली. त्याने तीही तपासून पास केली.

चालण्याच्या काठ्यांविषयी मी फारसं लिहीत नाही. त्या सामानात टाकायच्या असतात. “गुडघे दुखतात, आधाराला आहे,” असं सांगत लंगडत जाऊन काठी केबिनमध्ये नेता येते का, हा प्रयोग त्याने एकदा केला. प्रयोग यशस्वी व्हायच्या बेतात होता. तेवढ्यात कर्मचाऱ्याने व्हीलचेअर आणली.

गॅसच्या नळकांड्यांवर आपल्या लोकांचा फार जीव. पुण्यात घेतलेली गॅसची डबी लेहला नेता येणार नाही, चेक-इनमध्येही नाही, हे दरवर्षी कुणातरी नवशिक्याला नव्याने कळतं. तेच त्या फवाऱ्यासारख्या ऑक्सिजनच्या डब्यांचं. लेहला हौसेने न्यायला घेतात आणि विमानतळावर सोडून येतात. लेहचा विमानतळ 3256 मीटरवर आहे, उतरताच श्वास लागतो ही गोष्ट खरी. पण गॅस तिथे बाजारात मिळतो, ऑक्सिजन दवाखान्यात मिळतो, आणि पहिले दोन दिवस गुपचूप पडून राहणं फुकट मिळतं. नेमकं तेच ग्रॅमोपाध्येला जमत नाही. आम्ही सगळे डोकं धरून अंथरुणावर आडवे असताना हा गच्चीत परतीच्या प्रवासाचं वजन करत होता. लेहहून परतताना प्रवाशाने धावपट्टीजवळ मांडलेल्या सामानातून आपली बॅग ओळखून दाखवायची, अशी पद्धत तिथे बरीच वर्षं होती. इतरांना त्या थंडीत उभं राहायचा कंटाळा येई. हा मात्र स्वतःची सॅक ओळखून झाल्यावर आमच्याही ओळखून द्यायचा.

लुक्ला त्याचं काशीक्षेत्र. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचा हा विमानतळ 2845 मीटरवर, धावपट्टी 527 मीटरची, तीही चढाची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. छोट्या विमानात हातातलं आणि सामानातलं मिळून 15 किलो. इतर प्रवासी ती धावपट्टी बघून देवाचं नाव घेतात. ग्रॅमोपाध्ये विमानात शिरल्यावर निवांत होता, कारण त्याच्या मते आता या विमानात नियमात न बसणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हवामान.

याच्या नेमकं उलट किलिमांजारोला झालं. तिकिटावर दोन नग, प्रत्येकी 23 किलो. 46 किलो! आम्ही आनंदाने चकल्या भरल्या, मेतकूट भरलं, जादा बूट घेतले. ग्रॅमोपाध्ये दोन दिवस कुणाशी बोलला नाही. सॅक हुकाने उचलायचा, 13 किलो वाचायचा आणि खाली ठेवायचा. वहिनी काळजीत पडल्या. मग तिसऱ्या दिवशी रात्री अकराला त्याचा फोन आला, आवाजात जुनी धार होती. “ऐक. टांझानियात 2019 च्या जूनपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. देशात शिरताना प्रवाशांनाही लागू!” सह्याद्रीतल्या ट्रेकरची सॅक म्हणजे एकात एक घातलेल्या कॅरीबॅगांचा संसार असतो, मोजे एका पिशवीत, ओले मोजे दुसरीत, आणि दोन्ही तिसरीत. त्या रात्रीत त्याने सगळ्या ग्रुपला फोन करून पिशव्या बाहेर काढायला लावल्या आणि वहिनींच्या जुन्या साड्या फाडून नाडीच्या थैल्या शिवल्या. प्रत्येक थैलीचं वजन केलं. माणूस पुन्हा हसू-बोलू लागला.

म्हणून मला वाटतं, सरकारने उद्या सगळे नियम उठवले, खोबऱ्यापासून गॅसपर्यंत सगळं मोकळं केलं, तर हा घरीच बसेल. शिखरावर तो आमच्याबरोबर येतो, फोटो काढतो, ‘वा वा’ म्हणतो, पण तिथे त्याला करमत नाही. त्या पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यात कुठे फलक नाही, मर्यादा नाही, वाद घालायला कुणी नाही.

यंदा हर की दूनला गेलो. डेहराडूनहून गाडीने सांक्रीला पोचेपर्यंत दिवस मोडला. सकाळी सॅक खेचरावर टाकायच्या होत्या. वय झालंय, पाठीवर आता फक्त पाण्याची बाटली असते. ट्रेक कंपनीने आधीच कळवलं होतं, खेचरावर द्यायची सॅक 10 किलोच्या आत. ग्रॅमोपाध्ये रात्रभर खोलीत खुडबुड करत होता. सकाळी तो दोन जाकिटांत बाहेर आला आणि सॅक ओट्यावर ठेवली.

खेचरवाला पोरगा असेल विशीचा. त्याने विडी दातांत धरली, सॅक एका हाताने उचलली, क्षणभर तशीच धरली आणि खाली ठेवली.

“दस के ऊपर है, सर जी. एक्स्ट्रा लगेगा.”

आम्ही सगळे सावरून बसलो. ग्रॅमोपाध्ये गालात हसला. सॅकच्या वरच्या कप्प्याची चेन त्याने सावकाश उघडली, काटा काढला, चेन लावली, हूक अडकवला, दोन्ही हातांनी सॅक उचलली, श्वास रोखला. पीं.

“देखो!” त्याने आकडा पोराच्या नाकासमोर धरला. “नौ किलो नौ सौ पचास! पचास ग्राम कम!”

पोराने आकडा वाचला. मान डोलावली. मग त्याने आधी सॅककडे पाहिलं, नंतर ग्रॅमोपाध्येच्या हाताकडे.

“ठीक है, सर जी,” तो म्हणाला. “और ये मशीन कहाँ जाएगी?”